मोटारीचें निदान

मोटारगाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. तो लागला म्हणजे भरल्या घरांत जी चर्चा सुरू होते, ती कोणास ताप आला असतां होणाऱ्या चर्चेहून फारशी निराळी नसते. एक पक्ष म्हणतो, कांहीं नाहीं, आपोआप जाईल. दुसरा म्हणतो, आजच्या आज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत नेऊन उभी करा. तिसरा पक्ष, बहुधा घरांतील सर्वांत धाकटा, मोबाइलवर बोट फिरवून रोगाचें नांव आणि औषधाची किंमत दोन्ही सांगून मोकळा होतो. त्यांतून गाडी परदेशी बनावटीची असली तर या चर्चेस भीतीची जोड मिळते. कारण अशा गाडीचा एखादा भाग बदलावयाचा म्हणजे घरच्या दोन-तीन महिन्यांच्या किराण्याची रक्कम मोजावी लागते, हें सर्वांनीं कोठें ना कोठें ऐकलेलें असतें.

अशा गाड्या पूर्वीं बड्या लोकांच्या दारींच असत. आतां तसें राहिलें नाहीं. पहिल्या मालकानें आठ-दहा वर्षें वापरून विकलेली जर्मन गाडी एखाद्या नव्या साध्या गाडीच्या किमतींत मिळते, आणि धरमपेठेंतील वा प्रतापनगरांतील एखादें मध्यम स्थितीचें कुटुंब ती हौसेनें घरीं आणतें. खरेदीची किंमत उतरलेली असते, दुरुस्तीची मात्र उतरलेली नसते, हें गणित गाडी दाराशीं आल्यावर उमगतें. आमच्या पुतण्यानें अशीच एक गाडी घेतली; आणि तिच्या निमित्तानें गेल्या दोन वर्षांत कामठी मार्गाच्या आंतल्या बाजूस असलेल्या एका स्वतंत्र गॅरेजांत आम्हांस पुष्कळ तास बसावें लागलें. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येंत आमचा अधिकार नाहीं. तथापि तेथें जें पाहिलें त्यांत विचार करण्याची एक शिस्त आम्हांस दिसली, व ती आमच्या वाचकांच्या घरीं उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

'परदेशी गाडी' हा शब्द आतां बराच सैल झाला आहे. एके काळीं या देशांत फिरणारी प्रत्येक मोटार परदेशीच होती. फोर्ड कंपनी १९२६ सालीं आणि जनरल मोटर्स १९२८ सालीं येथें आली खरी, परंतु दोघींचें काम पेट्यांतून आलेले भाग जोडून गाडी उभी करण्याचें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून मोटार येथेंच घडविण्याचा मार्ग धरला. आणि स्वातंत्र्यानंतर नुसत्या जोडणीस सरकारनें वाव ठेवला नाहीं, तेव्हां १९५४ च्या सुमारास त्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं येथील काम आवरलें. पुढें सुमारें तीन दशकें आमच्या रस्त्यांवर फियाट आणि अँबॅसेडर यांचेंच राज्य होतें. त्या काळचा मिस्त्री बोनेटाशीं कान नेऊन रोग सांगे, आणि चार पाने, एक पक्कड व पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्या सामुग्रीवर गाडी चालती करी. मग १९९४ सालीं मर्सिडीज-बेंझ पुण्यास आली. २००१ पासून औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, स्कोडाच्या गाड्या बनूं लागल्या. पुढें त्याच कारखान्यांत आउडीच्या जोडल्या जाऊं लागल्या. आणि २००९ सालीं चाकणला फोक्सवागनचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या गाडीस आपण परदेशी म्हणतों, ती पुष्कळदां महाराष्ट्रांतच जोडलेली असते. तिच्या पोटांतील विद्या मात्र जर्मनीची.

या विद्येचें स्वरूप थोडें समजून घेतलें पाहिजे. जुन्या गाडींत बटण दाबलें कीं बटणापासून दिव्यापर्यंत गेलेली तार दिवा लावी. आतां गाडींत अनेक लहान संगणक असतात. इंजिनाचा एक, गिअरचा एक, ब्रेकचा एक, दारांचा एक. बॉश कंपनीनें १९८६ सालीं जगापुढें मांडलेल्या पद्धतीनें हे सर्व दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांशीं बोलतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही पद्धत चटकन् समजावी. माजघरांत कोणीं मोठ्यानें सांगितलें कीं पाहुणे आले, तर तें ऐकूं सर्वांस येतें. पण पाट मांडणारा पाट मांडतो, चहाचें आधण ठेवणारी आधण ठेवते, आणि ज्याचा संबंध नाहीं तो वर्तमानपत्र वाचीत राहतो. गाडींतहि संदेश सर्वांस जातो, तो ज्याचा त्यानें उचलावयाचा. या तारांच्या दोन टोकांस १२० ओहमचा एकेक रोध बसविलेला असतो. म्हणून बॅटरी सोडवून मीटर लावला तर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर कोठें तरी एक टोक तुटलें असें समजावें. लाखाच्या घरांतील यंत्र जोडण्यापूर्वीं चारपांचशें रुपयांच्या मीटरानें एवढें कळतें, हें पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली.

पिवळ्या दिव्याची कथा याहून निराळी. तो मूळचा मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या सोयीसाठीं आलेला नाहीं, हवेच्या शुद्धीसाठीं आलेला आहे. अमेरिकेंत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारींत आपल्या धुरावर स्वतः देखरेख करणारी एकसारखी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे ती भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून पहिल्या पायरीपुरती व एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या पायरीची, म्हणजे अधिक बारकाईची, आली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा खांचांचें एक सॉकेट असतें. त्याला स्कॅनर जोडला कीं गाडी आपली तक्रार एका अक्षरांत आणि चार आंकड्यांत सांगते. सॉकेट सर्वांचें एक, धुरासंबंधींचे मुख्य कोडहि सर्वांचे एक. त्यामुळें पुष्कळांस वाटतें कीं आतां परीक्षेचें काम संपलें. यंत्र ज्या भागाचें नांव घेईल तो बदलावा. येथेंच सर्व घोटाळा होतो.

आयुर्वेदांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. निदान म्हणजे रोगाचें मूळ कारण. पूर्वरूप म्हणजे तो प्रकट होण्यापूर्वींची चाहूल. रूप म्हणजे उघड दिसणारें लक्षण. उपशय म्हणजे अमुक आहार वा औषध दिल्यानें बरें वाटतें कीं नाहीं यावरून करावयाची पारख. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा चालत आला तो मार्ग. स्कॅनर जें सांगतो तें या पांचांपैकीं केवळ रूप होय. बाकीचीं चार शोधणें हें मिस्त्रीच्या डोक्याचें काम. या गॅरेजचे मालक पंचेचाळिशीचे आहेत. नागपूरच्याच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकलेले. त्यांनीं आयुर्वेदाचें नांवहि न घेतां हेंच आम्हांस आपल्या बोलींत सांगितलें: "गुरुजी, स्कॅनर सांगते का दुखून राहिलं कुठं. काहून दुखते, थे आपल्यालेच शोधा लागते."

पुतण्याच्या गाडीचा कोड होता पी ०१७१. याचा अर्थ एवढाच कीं इंजिनांत जाणाऱ्या मिश्रणांत हवेच्या मानानें पेट्रोल कमी आहे. गाडी चढावर मार खाई, आणि सिग्नलपाशीं उभी असतां थरथरे. आमच्या वहिनींस दर आठवड्यास दवाखान्यांत न्यावें लागतें. तेव्हां भर चौकांत बंद पडणारी गाडी ही आमच्या घरांत हौसेची बाब राहिली नव्हती. एका नामांकित सर्व्हिस सेंटरांत नेली. त्यांनीं कोड पाहून धुराच्या नळींतील ऑक्सिजन सेन्सर बदलला, चौदा हजार रुपये घेतले, आणि दिवा विझला. आठ दिवसांनीं पुन्हां लागला. आतां पेट्रोलचा पंप व इंजेक्टर बदलावे लागतील, खर्च लाखाजवळ जाईल, असें सांगण्यांत आलें. घरांत गाडी विकून टाकण्याची भाषा सुरू झाली.

गॅरेजांत मिस्त्रींनीं पहिला अर्धा तास पान्यास हात लावला नाहीं. प्रश्न विचारले. थंड असतां थरथरते कीं तापल्यावर? वेगांत असतां कशी चालते? पेट्रोल नेहमीं एकाच ठिकाणीं भरतां कां? शेवटचें काम काय काय झालें? मग स्कॅनर जोडला, पण कोडाकडे पाहून तो बाजूस ठेवला नाहीं. चालत्या इंजिनाचे आंकडे पाहत बसले. त्यांनीं समजावून दिलें तें असें. हवा आणि पेट्रोल यांचें वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असावें लागतें. ऑक्सिजन सेन्सरानें हवा जास्त असल्याची वर्दी दिली कीं इंजिनाचा संगणक पेट्रोलाची मात्रा वाढवितो, आणि ही वाढ शेंकडा किती तें स्कॅनरवर दिसतें. गाडी उभी असतां ती वाढ होती २४. इंजिनाचे फेरे अडीच हजारांवर नेले तशी ती उतरून ६ वर आली. आतां, पंप अशक्त असता तर उलट झालें असतें. वेग व भार वाढतांच पेट्रोल अपुरें पडून वाढीचा आंकडा वर गेला असता. येथें तो खालीं आला, त्या अर्थीं पेट्रोल पुरेसें आहे. कोठून तरी जास्तीची हवा आंत शिरते आहे. इंजिन सावकाश चालत असतां तें स्वतः थोडीच हवा ओढतें, म्हणून चोरट्या हवेचा वांटा मोठा दिसतो. जोरांत चालूं लागलें कीं तीच चोरटी हवा एकूण हवेंत बुडून जाते. आमच्या वर्गांत अन्वय-व्यतिरेक समजावितांना याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.

पुढची परीक्षा धुराची. इंजिनाच्या श्वासनलिकेंत अगदीं कमी दाबानें पांढरा धूर सोडतात, आणि तो कोठून बाहेर येतो तें बॅटरीच्या प्रकाशांत पाहतात. न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कपाळीं धुरावरून अग्नीचें अनुमान लिहिलेलें असतें. धुरावरून भोंक शोधण्याची ही रीत आम्हीं प्रथमच पाहिली. दोन-तीन मिनिटांनीं इंजिनाच्या वरच्या बाजूस, क्रँककेसची वाफ परत आंत नेणाऱ्या झडपेच्या झांकणाखालून, उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर आली. आंतील रबराचा पडदा फाटला होता. झडप नवी बसविली, मजुरीसह साडेआठ हजार रुपये झाले, आणि वाढीचा आंकडा ३-४ वर येऊन स्थिरावला. तेव्हांपासून हा दिवा लागलेला नाहीं.

मग पहिल्या खेपेस सेन्सर बदलल्यावर दिवा विझला कसा? तो काकतालीय न्याय होता. सेन्सर बदलतांना कोड पुसला होता, म्हणून दिवा गेला. दोष कायम होता, म्हणून नियमाप्रमाणें पुन्हां खात्री झाल्यावर दिवा परत आला. बिचाऱ्या सेन्सरानें खरी साक्ष दिली, आणि शिक्षा त्यालाच झाली.

दुसरा एक प्रसंग आम्हीं त्याच गॅरेजांत पाहिला, तो थोडक्यांत सांगतों. वर्धेहून आलेल्या एका गाडींत ब्रेक, स्टिअरिंग, गिअर, एअरबॅग अशा सर्वांच्या तक्रारी एकदम लागल्या होत्या. कोडांची यादी मोबाइलच्या पडद्यावर मावेना. मालक घामाघूम. मिस्त्रींनीं यादी वाचलीच नाहीं. बॅटरीवर मीटर ठेवला. चांगली भरलेली बॅटरी विसाव्यास असतां १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालूं असतां चौदाच्या जवळपास आंकडा यावा लागतो. येथें चावी फिरवितांच कांटा नऊच्याहि खालीं गेला. वीज अपुरी पडली कीं प्रत्येक संगणक आपापल्या परीनें ओरडतो. घरांतली चूल विझली तर सर्वच जेवणारे तक्रार करतात, तसें. शेवटीं दोष निघाला बॅटरीचा व तिच्या गंजलेल्या अर्थिंगचा. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी: कांहीं जर्मन गाड्यांत नवी बॅटरी बसविल्यावर ती नवी आहे हें संगणकास स्कॅनरानें कळवावें लागतें; नाहींतर तो जुनीच समजून तिला भरीत राहतो.

नागपूरच्या हवेचा यांत मोठा हात आहे. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हांत उभ्या गाडीच्या बोनेटाखालीं काय होत असेल त्याची कल्पना करावी. रबराच्या नळ्या कडक होऊन चिरतात. प्लास्टिकचीं टोकें हात लावतांच मोडतात. त्यावर कोणी काटकसरी गृहस्थ रेडिएटरांत कूलंटऐवजीं बोअरचें पाणी भरतो. मग आंत क्षार धरतात व गंज चढतो, आणि पाण्याचा उकळबिंदु वर ठेवण्यास दाबाबरोबर कूलंटचीहि मदत असते, तीहि जाते. पेट्रोलांत आतां शेंकडा २० इथेनॉल असतें. इथेनॉलास हवा कमी लागते, म्हणून जुन्या गाडींत वर सांगितलेली वाढ निर्दोष असतांहि थोडी वर दिसते, आणि ती वजा करूनच मिस्त्रीस हिशेब मांडावा लागतो. शिवाय उंदीर आहेतच. ज्यांच्या पाठीवर गणराय बसतात त्यांनीं आमच्या वाहनाच्या तारा कुरतडाव्यात, याची दाद मागावी कोणाकडे?

परंतु स्वतंत्र मिस्त्रीपुढील खरा अडथळा बुद्धीचा नाहीं. तो कुलपाचा आहे. कोड वाचण्याचें यंत्र आज कोणासहि विकत मिळतें. गाडीची नवी चावी ओळखविणें, बदललेल्या संगणकास गाडींत नांदवून घेणें, तारांचा संपूर्ण नकाशा पाहणें, या गोष्टींसाठीं मात्र पुष्कळदां कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. ती मिळालीच तर वर्षाचें शुल्क भरून, नाहीं तर नाहीं. या प्रश्नाचा आपल्या देशांत एकदां मोठा निवाडा झाला, आणि तो आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड सांगितला. कारण त्यांनीं सुटे भाग आणि निदानाचीं साधनें स्वतंत्र गॅरेजांस खुल्या बाजारांत मिळूं दिलीं नाहींत. देशी, जपानी, अमेरिकन, जर्मन अशा सर्व तऱ्हांच्या कंपन्या त्यांत होत्या. आयोगानें आणखी असेंहि सांगितलें कीं गाडी स्वतंत्र गॅरेजांत दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करतां कामा नये. बाहेरच्या सदोष कामामुळें जेवढें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. प्रकरण पुढें अपिलांत व न्यायालयांत गेलें. २०२२ च्या जुलैंत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं समिति नेमली, तिच्या विषयांत मोटारी होत्या. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या हक्काचें एक सरकारी संकेतस्थळहि सुरू झालें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें मोटारीपुरता असा कायदा २०१२ सालींच केला होता. आमच्या मतें ज्यानें गाडीची पूर्ण किंमत मोजली, तिच्या पोटांत काय लिहिलें आहे तें वाचून घेण्याचा त्याला हक्क आहे. आणि वाचणारा कोण असावा हेंहि त्यानेंच ठरवावें.

यावरून कंपनीचीं सर्व्हिस सेंटरें वाईट व गल्लींतलें गॅरेज चांगलें असें कोणीं समजूं नये. हमीची मुदत आहे तोंवर, किंवा एअरबॅगसारख्या जिवाशीं गांठ असलेल्या कामीं, आम्हीहि पुतण्यास कंपनीकडेच पाठवूं. उलट, कोड पुसून दिवा विझविणें व त्यालाच दुरुस्ती म्हणणें हा धंदा करणारीं गॅरेजेंहि या शहरांत थोडीं नाहींत. पारख पाटीवरून होत नाहीं. सुटा भाग हातांत घेण्यापूर्वीं समोरचा माणूस किती प्रश्न विचारतो, त्यावरून होते.

या प्रकरणानें आमच्या घरांत आणखी एक वाद उभा केला. पुतण्याचा मुलगा यंदां दहावी झाला. त्याला गॅरेजाची गोडी लागली, आणि हेंच काम शिकणार असें त्यानें जाहीर केलें. आमच्या वहिनी म्हणाल्या, "हात काळे करायलाच का एवढं शिकवलं पोराला, भाऊजी?" आम्हीं म्हटलें, "शल्यवैद्याचे हात रोज रक्तानें माखतात, त्याला आपण आनंदानें जांवई करून घेतों." त्या हंसल्या, पण पटलें असें नाहीं. आमच्या समाजांत संगणकापुढें बसणाऱ्याचें काम बुद्धीचें आणि संगणक असलेल्या गाडीखालीं निजणाऱ्याचें काम हाताचें, अशी जी वांटणी झाली आहे ती आम्हांस मुळींच समजत नाहीं. त्या गॅरेजांतले दोन तरुण उमेदवार कसबी आहेत. पण तारांचा इंग्रजी नकाशा समोर आला कीं अडखळतात. आम्हीं फावल्या वेळीं त्यांस तो वाचावयास मदत करतों, आणि ते आम्हांस त्यांतल्या खुणांचा अर्थ सांगतात. तडजोड अशी झाली कीं मुलानें तंत्रनिकेतनांत पदविकेस नांव घालावें व सुट्टीच्या दिवशीं गॅरेजांत जावें. वहिनींनीं एक अट घातली आहे: जेवावयास बसण्यापूर्वीं हात दोनदां धुवावयाचे. पुढें काय होतें तें पाहूं.

ज्यांच्या दारीं अशी गाडी आहे त्यांनीं मात्र कांहीं गोष्टी आजपासूनच कराव्या. कोड पुसण्यापूर्वीं त्याचा व त्या क्षणाच्या आंकड्यांचा फोटो काढून घ्यावा. बदललेला जुना भाग मागून घरीं आणावा. प्रामाणिक मिस्त्री तो स्वतःच पिशवींत घालून देतो. कोणता भाग कां बदलावयाचा याचें कारण बिलावर एका ओळींत लिहून मागावें. आणि एक वही करावी. पुतण्याच्या वहींत तारीख, किलोमीटर, लक्षण, केलेली परीक्षा, निघालेला दोष व खर्च अशीं सहा घरें आम्हीं आंखून दिलीं आहेत. आजवर तींत अकरा नोंदी झाल्या. गेल्या पंधरवड्यांत गाडी पुन्हां थोडी थरथरूं लागली, तेव्हां मिस्त्रींनीं बोनेट उघडण्याआधीं ती वहीच मागितली, आणि दोन पानें उलटून विचारलें, "स्पार्क प्लग कधी बदलले होते जी?" त्या घरांत पाहतों तों नोंद साठ हजार किलोमीटरांमागची होती.